माझ्या अंगनात पडू नये

देवळाली प्रवरा, कॅनॉलकडची वस्ती
९ जानेवारी २०२३

विहीनबाई मालनबाई यांना रतनबाईचा रामराम.

पत्र कशाला म्हनाल. परवा फोनवर मी म्हनते "मंदाला द्या", आन तुमी म्हनता "कांदा अजून शेतातच हाय". मी परत म्हनलं मंदा, तुमी परत म्हनलं कांदा. इकडं माझी सून तोंडाला पदर लावून हसती. तुमच्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं आन तुमाला वाटतं मीच वरडती. म्हनून आता लिव्हायचं ठरवलं. मी चौथीपातूर गेले हुते, त्यातलं जेवढं उरलंय तेवढ्यात भागवून घ्या. मच्छिंद्र दुधाचा टेम्पो घेऊन रोज इथनं तुमच्या वस्तीवर जातो, त्याच्याकडं चिठ्ठी देत जाईन. तुमी पन द्या.

माझी लेक तुमच्या घरात सुखानं हाय असं ती सांगती. खोटं बोलायची अक्कल तिला न्हाई, म्हंजे खरं असंल.

आमच्याकडं एक नवीन दुखनं झालंय. बांधाला लागून गूळपावडरचा कारखाना निघाला ते तुमाला ठावं हाय. दसऱ्यापासनं त्याचा बॉयलर पेटलाय. चिपाड जाळत्यात, आन वासावरनं कळतं की आनखी पन काय काय जाळत्यात. सगळी काळी राख आमच्या अंगनात. दहीभात वाढला की मोहरी घातल्यागत दिसतो. माझ्या पोराची, भीमाची पांढरी टोपी वाळत घातली की बुक्का लावल्यागत परत येती. म्हशीवर पडती ती दिसत न्हाई, तेवढंच. मी गेले कारखान्यावर. वाचमन म्हनाला, "आजी, ही राख शेताला लई चांगली." मी म्हनलं, मंग ताट आन तुझं, त्यात टाकते.

अशा धुराचं कुनाला सांगायचं असतं का? तुमी सातवी शिकलेल्या. ठावं असलं तर कळवा.

रतनबाई


नदीकाठची वस्ती, बेलापूर रस्ता
१७ जानेवारी २०२३

रतनबाई, नमस्कार.

चिठ्ठी पोचली. मच्छिंद्रने ती दुधाच्या कॅनखाली ठेवली होती, त्यामुळे अर्धी मला वास घेऊन वाचावी लागली. सोबत तिळगूळ पाठवते आहे. गोड बोला हे तुम्हाला सांगून उपयोग नाही, पण रीत आहे म्हणून सांगते.

एक विचारायचं होतं. तुम्ही मला 'विहीन' लिहिता. विहीण या शब्दात बाणातला ण असतो. नळातला न लिहिला की त्याचा अर्थ होतो, एखादी गोष्ट नसलेली. तर मी कशाने विहीन, तेवढं कळवावं. दातांनी म्हणत असाल तर खरं आहे.

राखेबद्दल तुमच्या जावयाला, सुनीलला विचारलं. तो म्हणाला, अशा कारखान्यांना धूर सोडायलासुद्धा सरकारची परवानगी लागते, आणि जास्त सोडला तर पोल्युशनवाल्यांकडे तक्रार करता येते. नगरला त्यांचं ऑफिस आहे. भीमाला सांगा, मोबाईलवरूनही होते म्हणे.

पण रतनबाई, राग मानू नका. मागच्या खेपेला मी तुमच्याकडे आले, तेव्हा ऊन डोक्यावर आलं तरी अंगणाला झाडू लागला नव्हता. धूर कुठे नाही? आमच्याकडेही चुली आहेत. मी पहाटे एकदा आणि दिवेलागणीला एकदा अशी दोनदा झाडते. माझ्या अंगणात भात सांडला तर वेचून खावा. जरा झाडत जा, अर्धी राख तिथेच कमी होईल.

मंदा बरी आहे. तुमची नात सृष्टी शाळेत भाषणात पहिली आली. फाल्गुनात नेहमीसारख्या कुरडया पाठवीनच.

मालन


देवळाली प्रवरा
२६ नोव्हेंबर २०२३

विहीनबाई,

मी इतके महिने चिठ्ठी दिली न्हाई, म्हनून तुमी मंदाला इचारलं म्हने. तुमी झाडूवरनं बोलला हुता ते लागलं हुतं. आता उतरलं. आता ऐका.

भीमानं तक्रार केली. उन्हाळ्याच्या तोंडाला एक मॅडम आली. एवढीशी पोर, पांढरा कुडता, पायात बूट. ती येनार त्या दिवशी सकाळी सून झाडू घेऊन निघाली. मी तिच्या हातातनं काढून घेतला. ती म्हनाली, "आत्याबाई, सरकारी मानूस येनार, लाज वाटंल." मी म्हनलं, ती काय आपल्याकडं सोयरीक बघायला येती का? त्याच्या आधीचे दोन दिवस पन मी अंगनात काडी हलवू दिली न्हाई. बाज ओसरीत तशीच टाकली. मॅडम आली, बाजंवर बसली, पानी पिली, उठली. मागनं सगळी काळी. मी म्हनलं, पोरी, आता तुझ्या कागदात लिव्हायचं काही राहिलं का? ती हसली न्हाई. बाजंच्या पट्टीवर बोटानं रेघ वढली आन तिचा फोटो घेतला.

मंग कारखान्यात बैठक झाली. मालक, मॅडम, आमी वस्तीवरची चार मानसं. मॅडम म्हनाली, एक यंत्र असतं, त्यात धूर पान्यानं धुवून सोडत्यात, राख खालीच राहती, ते बसवा. मालक म्हनाला, त्याला लई दिवस लागतील, यंदा चिमनी उंच करतो, यंत्राचं पुढं बघू. मॅडम माझ्याकडं वळली. म्हनाली, "आजी, तक्रार तुमची हाय. यंत्र बसलेलं बरं, असं माझं मत. तुमचं काय म्हननं?" मी म्हनलं, माझ्या अंगनात पडू नये एवढंच माझं म्हननं, बाकी तुमचं तुमी बघा. सगळे हसले. मालकानं माझ्यासाठी कपात चहा मागवला, बाकीच्यांना कागदी पेल्यात.

दिवाळीच्या आत चिमनी वर गेली. एवढी उंच की बघताना माझा पदर खाली पडतो. बॉयलर पेटून महिना हुत आला, अंगनात कन न्हाई. भीमाची टोपी दुधासारखी. धूर कुठं जातो इचाराल, तर वर जातो. आभाळ काय लहान हाय का?

आता माझ्या अंगनात भात सांडून बघा या.

तुमी कशानं विहीन ते आनखी सापडलं न्हाई. सापडलं की कळवीन.

रतनबाई


बेलापूर रस्ता
११ मार्च २०२४

रतनबाई, नमस्कार.

यंदा कुरडया पाठवत नाही. कारण सांगते, नाहीतर म्हणाल विहीण चिकट झाली.

गहू चांगला होता. तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदललं, चीक काढला, पहाटे शिजवला आणि उजाडायच्या आत स्लॅबवर धुतलेल्या साडीवर कुरडया घातल्या. तुम्हाला माहीत आहे, माझ्या कुरडया मोगऱ्यासारख्या असतात. दिवस कलताना उचलायला गेले, तर सगळ्यांवर खसखस पेरल्यासारखे काळे कण. आधी वाटलं सोऱ्याला गंज लागला. मग वाटलं मंदाने चीक नीट गाळला नाही. तिला बोलले. ती रडली नाही, तुमचीच लेक आहे, पण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. दुसरा घाणा मी स्वतः गाळला. तोही तसाच.

आता मला वाटतं हे शेजारच्या रामचं काम आहे. ऊस तुटला की तो पाचट पेटवून देतो. दोन वर्षं मी सांगते आहे. यंदा मी त्याच्या बायकोकडे हळदीकुंकवालाही गेले नाही. समोरून आली तर मी मान वळवते.

खोकला आहे. रात्री उठून बसावं लागतं. होईल कमी. दोनदाचं तीनदा झाडायला लागले आहे.

तुमच्याकडची राख थांबली हे ऐकून बरं वाटलं होतं. तुम्ही हिमतीच्या, म्हणून झालं.

मालन


देवळाली प्रवरा
१५ मार्च २०२४

विहीनबाई,

चिठ्ठी वाचली. पाचटच असनार. पाचट जाळनाऱ्याला सरकारनं आत टाकलं पायजे. हळदीकुंकवाला गेला न्हाई ते बरं केलं.

मंदाला बोलू नका. चीक ती चांगला गाळती, मी शिकवलंय.

कुरडया न्हाईत म्हनून कुनी मरत न्हाई. खोकल्याला अडुळसा घ्या.

काल सांजच्याला कॅनॉलच्या भरावावर जाऊन बसले हुते. बराच वेळ चिमनीकडं बघितलं. धूर वर जातो तो जातो, पन मंग वाकतो. असू दे. म्हैस आटली. भीमाला टाचदुखी झालीय.

रतनबाई


बेलापूर रस्ता
६ डिसेंबर २०२४

रतनबाई, नमस्कार.

तुमच्या मार्चमधल्या चिठ्ठीला उत्तर द्यायचं माझ्याकडूनच राहिलं, म्हणून आता लिहिते.

राम घरी आला होता. मला हाताला धरून शेतात घेऊन गेला. त्याने यंदा पाचट जाळलेलं नाही, सगळं बारीक करून सरीत दाबलंय. मागच्या वर्षीही त्याने जाळलं नव्हतं. मी त्याच्या बायकोकडे जाऊन बसले, चहा घेतला. तिने काही बोलून दाखवलं नाही, त्याचंच जास्त वाटलं.

पण काळं पडतंच आहे. पाट्यावर, तुळशीवर, पाण्याच्या हंड्यावर. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी मला तोंडात मारायचा पंप दिला आहे. दोन पावलं चालले की थांबावं लागतं. डॉक्टर म्हणाले, जागा बदला. सुनीलची नोकरी नगरला आहेच, तो केडगावला फ्लॅट बघून आला. तिसरा मजला. मी म्हटलं, मला नदी सोडून कुठे न्यायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून हे अंगण मी झाडते आहे. दुसऱ्याच्या हातचा झाडू त्याला माहीत नाही.

शेवटी सुनीलने पोल्युशनवाल्यांकडे तक्रार केली. त्याला वाटतं हे कुठल्यातरी कारखान्याचं आहे. येत्या मंगळवारी मॅडम पाहायला येणार आहेत. तुमच्याकडे आल्या होत्या त्याच असाव्यात. त्यांनी लिहून दिलं तर कारखान्याला बंधन येईल आणि आमचं जाणं टळेल, असं सुनील म्हणतो. म्हणजे सगळं मंगळवारवर आहे.

मी तयारीला लागले आहे. स्लॅब पाइपने धुवायला सांगितला. ओसरी सारवली. बाज धुऊन वाळवली, वर नवी सतरंजी घालीन. मंगळवारी पहाटेच मंदाला पुरण घालायला सांगितलंय. पहिल्यांदा आपल्या घरी येणार आहेत. तुमच्याकडे त्यांच्या कुडत्याची जी दशा झाली ती माझ्याकडे व्हायची नाही.

तुम्हाला या कामाची माहिती आहे. काही सुचत असेल तर मच्छिंद्रबरोबर कळवा. तो रोज येतोच.

मालन


बेलापूर रस्ता
२९ डिसेंबर २०२४

रतनबाई,

तुमची चिठ्ठी आली नाही. मी मच्छिंद्रला रोज विचारत होते.

मॅडम आल्या. चांगल्या घरच्या वाटल्या. दुधाबरोबर पुरणपोळी खाल्ली, अंगणाचं कौतुक केलं. स्लॅबवर जाऊन बोटाने पुसून पाहिलं, काही नाही. हंड्यावर पाहिलं, काही नाही. तुळशीची पानं मी सकाळीच ओल्या फडक्याने पुसली होती. आदल्या रात्री दव होतं आणि त्या दिवशी वाराही दुसरीकडचा होता. त्यांनी लिहिलं, जागेवर राखेचे कण आढळले नाहीत. निघताना म्हणाल्या, "आजी, तुम्ही रोज एवढं स्वच्छ करता?" मी म्हटलं, रोज. दिवसातून तीनदा. त्या बूट घालताना जरा थांबल्या, माझ्याकडे पाहिलं, मग गेल्या.

सुनील मला कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलला. म्हणाला, "आई, पुरावा होता तो. तू झाडून उकिरड्यावर टाकलास." दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं, तर सतरंजीवर हात ठेवला की पंजा उमटत होता.

येत्या गुरुवारी आम्ही केडगावला जातो आहोत. किल्ली मच्छिंद्रजवळ देते. तुळशीला कुणीतरी पाणी घालावं म्हणून. तुम्हाला जमलं तर तुम्ही, नाहीतर भीमाला सांगा.

मालन


देवळाली प्रवरा
५ जानेवारी २०२५

विहीनबाई,

ही चिठ्ठी एका बैठकीत लिव्हती. मधी उठले तर पुरी हुनार न्हाई.

तुमची सहा तारखेची चिठ्ठी मला त्याच दिवशी मिळाली हुती. मंगळवारला वेळ हुता. दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र दूध घेऊन निघताना दारात थांबला. म्हनाला, "मावशी, पलीकडं काय द्यायचं का?" मी म्हनलं, आज न्हाई. त्याच्या दुसऱ्या दिवशी पन तेच. लिव्हायचे दोनच शब्द हुते. झाडू नका.

का लिव्हलं न्हाई ते सांगती. तुमच्या कुरडयांवर पडलं ते माझ्या अंगनातलं हाय. चिमनी वर गेल्यापासनं धूर माझ्या डोक्यावरनं जातो आन नदीवर वाकतो, आन तिथं तुमची वस्ती. मला मार्चातच कळलं हुतं, भरावावर बसून बघितलं तवाच. त्याच चिठ्ठीत तुमाला रामचं पाचट सांगितलं. राम बिचाऱ्यानं माझं काय खाल्लं हुतं?

मला भ्या वाटलं. तुमच्याकडं मॅडमनं काळं बघितलं, तर चिमनी कापून परत पहिल्याएवढी करतील, आन ते सगळं परत माझ्याकडं येईल. वर्षभर पांढरी टोपी बघायची सवय झाली हुती. तुमचा खोकला मी बघितला नव्हता, टोपी रोज बघत हुते.

असं हाय. माफी मागायची मला रीत येत न्हाई, आन मागून तुमच्या छातीतलं निघनार न्हाई. किल्ली मच्छिंद्रानं माझ्याकडं दिलीय. काय करायचं सांगा. वरडायचं असलं तर फोन करा, मी ऐकून घेईन. मला ऐकू येतं.

रतनबाई

(ही पोस्टानं धाडती. मच्छिंद्राचा टेम्पो केडगावला जात न्हाई.)


केडगाव, नगर
२७ जानेवारी २०२५

रतनबाई,

चिठ्ठी मिळाली. उत्तराला वेळ लावला, कारण तीन वेळा लिहून फाडलं.

मला कळलं होतं. सुनील कारखान्याचं बोलला त्या रात्री मी तुमची जुनी चिठ्ठी काढून वाचली, चिमणीची. तरी मंगळवारच्या आधी मी तुम्हाला विचारलं नाही. म्हटलं, मी विचारून त्या सांगणार, त्यापेक्षा त्यांनी आपण होऊन सांगावं. काही सुचत असेल तर कळवा, असं म्हणूनच लिहिलं होतं.

दुसरंही खरं सांगते. तुमची काळी बाज मी वाचली होती. तरी माझी बाज मी धुतली. तुम्ही ते दोन शब्द लिहिले असते, तरी मी बहुतेक झाडलंच असतं. पाहुणं माणूस येणार आणि मी त्याला घाणीत बसवू, हे मला जमलं नसतं.

पण तुम्ही लिहायला हवं होतं.

इथे झाडायला काही नाही. फरशी आहे, मंदा पुसते. खिडकीतून समोरची खिडकी दिसते.

किल्लीचं विचारलंत. तुळशीला पाणी घाला. दार उघडून घराला वारा लागू द्या. अंगण झाडू नका. स्लॅब झाडू नका. बाज आहे तिथेच राहू द्या. आणि पुन्हा तक्रार करा. या वेळी तुम्ही.

मालन


बेलापूर रस्ता, तुमच्या ओसरीतनं
२३ मार्च २०२५

विहीनबाई,

तुमच्याच बाजंवर बसून लिव्हती. लुगडं काळं झालंय, हुऊ द्या.

तक्रार केली. या खेपंला माझ्या नावानं, भीमाच्या न्हाई. सही मीच केली, तिला वेळ लागला. तवापासनं मच्छिंद्राच्या टेम्पोत बसून हप्त्यातनं दोनदा येती. तुळशीला पानी घालती आन बसती. तुमाला वाटतं झाडनं अवघड असतं. न झाडनं करून बघा. उंबऱ्यावर एवढा थर साठलाय की मांजर गेली तर पाय उमटत्यात. तुमचा झाडू खुंटीला हाय. माझे हात शिवशिवतात, मंग मी हात मांडीखाली घेऊन बसती. रामची बायको बांधावरनं बघती. तिला वाटत असंल म्हातारी वेडी झाली. एकदा भाकरी घेऊन आली, मंग तिला सगळं सांगितलं. राम मॅडम आल्यावर साक्षीला उभा राहिला. त्याचा मोठेपना.

मॅडम तीच. मला बघून म्हनाली, "आजी, तुमी इथं?" मी म्हनलं, ही माझ्या विहिनीची वस्ती. ती इकडं तिकडं बघत राहिली. म्हनाली, "मागच्या वेळंला आले तवा..." आन बाजंवर बसली. मी सांगितलं न्हाई, आपन होऊन बसली. उठली, मागनं काळी झाली, झटकलं न्हाई. उंबऱ्यावरनं पुडीत राख घेतली, तुळशीवरनं घेतली, सगळ्याचे फोटो काढले.

बैठकीला मालकानं परत कपात चहा मागवला. मी पिले न्हाई. मॅडमनं इचारलं, आजी, या वेळी तुमचं काय म्हननं? मी म्हनलं, मागच्या वेळंला माझं म्हननं ऐकूनच हे झालं. तुमी शिकलेल्या, तुमचं मत तवाच बरोबर हुतं. ते यंत्र लावा. दिवाळीच्या आत लावलं न्हाई तर बॉयलर पेटवू द्यायचा न्हाई, असं मॅडमनं लिव्हून घेतलं.

निघताना मी तिला इचारलं, म्हंजे आता चिमनी खाली घेनार का? ती म्हनाली, "न्हाई आजी, उंच केलेली चिमनी कुनी खाली घेत न्हाई."

म्हंजे ज्याला मी भ्याले, ते कधी हुनारच नव्हतं.

रतनबाई


देवळाली प्रवरा
२ नोव्हेंबर २०२५

विहीनबाई,

यंत्र बसलं. बॉयलर पेटून आठ-दहा दिवस झाले. मी भरावावर जाऊन बघितलं. चिमनीतनं पांढरं निघतं, वाफंगत, आन थोडं वर जाऊन मोडतं. तुमच्या वस्तीवर तीनदा जाऊन आले. हंड्यावर हात फिरवला, काही न्हाई. तुळस नवी फुटलीय. एक पावसाळा सगळं धुवून गेला, वर नवीन पडलं न्हाई.

या आता. सुनीलला सांगा गाडी काढायला.

रतनबाई


केडगाव
१६ नोव्हेंबर २०२५

रतनबाई, नमस्कार.

वाचून बरं वाटलं. सृष्टीने मोठ्याने वाचून दाखवलं, मग मी पुन्हा मनात वाचलं.

यायचं म्हणून परवा निघाले होते. पातळ बदललं, पिशवी भरली. इथे लिफ्ट नाही. पहिला जिना उतरले आणि मधल्या चौकात बसले. पंप घेतला, तरी बसूनच राहिले. सुनील म्हणाला, खुर्चीत बसवून उचलून नेऊ. उतरवतील, पण तिथे गेल्यावर काय? नदीच्या गारव्यात राहायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि परत हे तीन मजले चढायचे. मला वर आणायला सुनील आणि खालचा भाडेकरू असे दोघं लागले. तेव्हा आता इथेच.

तुम्ही मला पहिल्या चिठ्ठीपासून 'विहीन' लिहीत आलात. मी हसले होते. कशाने विहीन ते आता सापडलं. अंगणाने. तुमचं कळवायचं राहिलं होतं, म्हणून मीच कळवते.

किल्ली तुमच्याकडेच असू द्या. आता झाडलं तरी चालेल.

मालन


बेलापूर रस्ता, तुमच्या ओसरीतनं
८ डिसेंबर २०२५

विहीणबाई,

वरचं अक्षर बघितलं का. बानातला ण. सृष्टी दोन दिवस राहायला आली हुती, तिच्याकडनं पाटीवर गिरवून घेतला. पोटात गाठ मारल्यागत हाय तो, हातातनं सुटत न्हाई. तेवढ्या एका शब्दापुरता शिकले, बाकीचं हाय तसंच चालनार. आधी शिकायला पायजे हुता.

कुरडया यंदा मंदा करनार म्हनती, तुमच्याच स्लॅबवर. मी फकस्त राखन बसनार.

काल तुमचा झाडू खुंटीवरनं काढला. उंबऱ्यापासनं सुरू केलं, गोठ्यापातूर नेलं, मंग परत उलटं आले. तुमी करता तसं दोनदा. पाला निघाला, रामच्या कोंबडीची पिसं निघाली, एक जुनी बांगडी निघाली, ती चौकटीवर ठेवलीय. काळं काही निघालं न्हाई.

मंग बाज ओसरीत टाकली. कुनी येनार न्हाई ते ठावं हुतं. तरी त्याच्यावर तुमची पांढरी चादर घातली आन बाजूला जमिनीवर बसले. सांज झाली, मच्छिंद्राचा टेम्पो आला. उठून चादरीवर हात फिरवला. पांढरीच हुती.

घडी घालून पेटीत ठेवली.

रतनबाई